सत्तावीस नंबरचं लिंबू

परवा जिवती झाली. आषाढातली अवस. आमच्या गल्लीत अजून एक लोहार येतो. पार थकलाय, पण येतो. दाराच्या चौकटीला एक खिळा ठोकतो, शिधा घेतो आणि पुढच्या दारी जातो. सूनबाईने जिवतीचा कागद आणून भिंतीला चिकटवला, नातवाला पाटावर बसवून ओवाळलं, आणि मग लिंबू-मिरच्या दोऱ्यात ओवून माझ्यापुढे धरल्या. म्हणाली, बाबा, तुमचा हात पुरतो, तेवढं चौकटीला बांधून द्या. मी नाही म्हणालो. दरवर्षी नाहीच म्हणतो. तिला वाटतं, सासरे शेतकी शिकलेले, आयुष्यभर झाडांच्या रोगांवर काम केलेलं, त्यांना हे असलं पटत नाही. वाटू दे बापडीला. विज्ञानवादी म्हणून मान मिळतो, तो कशाला सोडा.

खरं कारण वेगळं आहे. सुई आत शिरते तेव्हा लिंबाची साल फुटते आणि तिच्यातलं तेल हवेत उडतं. एवढ्याशा वासाने मी थेट त्या बागेत जाऊन उभा राहतो. मग दोन दिवस माझं कशात लक्ष लागत नाही. जेवण जात नाही. बायको होती तेव्हा तिला कळायचं, ती काही विचारायची नाही.

बाग समुद्रपूरहून जामकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. सगळीकडे काळीशार कपाशीची जमीन, आणि मधेच एक मुरमाड उतार. त्या उतारावर सरकारने लिंबं लावली होती. वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होता, आमचे साहेब नागपूरहून बदलून आलेले, आणि मी नुकता शेतकी शिकून बाहेर पडलेलो, त्यांचा एकुलता एक मदतनीस. कौलारू खोली हीच प्रयोगशाळा. एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्या, आणि खिडकीत एक चिमणी, जिला हाकलायची कुणाची छाती नव्हती, कारण साहेबांचा तिच्यावर जीव. लोक सगळ्याला मिळून 'लिंबूबाग' म्हणत आणि आम्हाला 'लिंबूवाले'. पाहुण्यांना चहाऐवजी सरबत मिळणार हे तालुक्याला ठाऊक होतं.

काम मात्र सरबताइतकं गोड नव्हतं. लिंबाला एक रोग येतो, खैऱ्या. पावसाळ्यात कोवळ्या पानावर आधी टाचणीच्या डोक्याएवढा तेलकट ठिपका दिसतो, भोवती पिवळी कडा. मग तो ठिपका फुगतो, फाटतो, खरखरीत होतो, काताच्या रंगाचा. पान बोटांत धरलं की लोहाराच्या कानशीला हात लागल्यासारखं वाटतं. पानावरून फळावर जातो. आत रस तोच असतो, गुणही तोच. पण देवी आलेल्या तोंडासारखं ते फळ कुणी हातात घेत नाही. पावसाच्या थेंबाबरोबर तो या पानावरून त्या पानावर उडतो, काट्यांनी ओरखडलेल्या जागेतून आत शिरतो, माणसाच्या हाताने आणि चाकूने या बागेतून त्या बागेत जातो. जामच्या आसपासच्या साऱ्या बागा तेव्हा खैऱ्याने गांजल्या होत्या. आम्ही मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी फवारायचो. मातीच्या माठात कालवायचो आणि त्यात लोखंडी चाकू बुडवून बघायचो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. महिनोन् महिने माझी नखं निळी असायची. आई म्हणायची, कृष्ण झालास, आता लग्न तेवढं कर.

सोमीबाई मला तिथेच भेटली. बागेतली मजूर. गिरडच्या डोंगराखालच्या गावची, गोंडाची. वयाने माझ्या आईएवढी, पण बागेत सगळे तिला अगं-तुगं करत, मीही करायचो. आमच्याशी ती आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलायची, झाडांशी मात्र स्वतःच्या भाषेत. नवरा गेलेला. तीन लेकरं झाली, एकही उठून चाललं नाही. हे तिने एकदाच, निंदताना, मान वर न करता सांगितलं होतं. तिची नजर अशी, की झाडाखालून चालता चालता थांबायची आणि वर न बघता म्हणायची, इथं लागला वाटते. आम्ही भिंग घेऊन शोधायचो आणि ठिपका सापडायचा. साहेब मला म्हणत, तुझी पदवी तिला दे आणि तिचे डोळे तू घे, सरकारचा फायदा होईल.

रसातली आंबटाई मोजताना ती दाराशी येऊन बसायची. रसात थेंबभर रंगाचं औषध मिसळून त्यात नळीतून खार सोडत जायचं. एका थेंबाला सगळं पाणी एकदम गुलाबी होतं. तिला त्याचं फार कौतुक. "लाजलं पानी," म्हणायची, आणि हसत कामाला जायची. तिच्याकडे लिंबाचे स्वतःचे उपयोग होते: सर्दीला पानांचा वाफारा, डोक्यातल्या कोंड्याला साल, पितळेला उरलेलं चिपाड. साहेबांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

आणि सत्तावीस नंबर.

बागेतली झाडं बियांपासून वाढवलेली होती. कागदी लिंबाची रोपं बहुधा आईसारखीच निघतात, पण शेकड्यात एखादं घरावेगळं निघतं. सत्तावीस नंबर तसं होतं. काटे कमी, पान रुंद, फळाला खाली बोंडासारखं टोक, आणि कापलं तर आत दोनच बिया. इतर लिंबांत दहा-दहा. पण मुख्य गोष्ट अशी, की पाच पावसाळे आजूबाजूची झाडं खैऱ्याने भरून जात होती आणि सत्तावीसच्या पानावर ठिपका नव्हता. साहेबांनी सुरुवातीला विश्वास ठेवला नाही. मग ते रोज सकाळी आधी त्या झाडाकडे जायला लागले. मग झोपेतही त्याचंच बोलतात, असं त्यांच्या घरून कळलं. सोमीबाईने तर त्या झाडाला लेक करून टाकलं होतं. 'माही पोट्टी' म्हणायची. पोट्टीला पाणी झालं का, पोट्टीखाली कोण उभं राह्यलं होतं, अशी चौकशी दिवसभर चालायची.

त्या वर्षी साहेबांनी ठरवलं, या पावसात सत्तावीसच्या गुट्या बांधायच्या. फांदीवर बोटभर साल गोल सोलून काढायची, तिथे ओलं शेवाळ आणि गोणपाट बांधायचं. मुळं फुटली की फांदी कापून नवं झाड. पहिल्या सहा गुट्या. त्यांची सहा झाडं, त्यांची पुढे साठ, आणि मग जामच्या मळ्यांतून खैऱ्या गेलेला आपण आपल्या डोळ्यांनी बघू, असं ते म्हणाले होते. साहेब हळवे नव्हते, पण हे बोलताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

बागेचे नियम त्यामुळे जास्तच कडक झाले. बाहेरचं लिंबू कुंपणाच्या आत आणायचं नाही. माझ्या डब्यात आईच्या हातचं लिंबाचं लोणचं असायचं, तर सोमीबाईने मला फाटकाबाहेर दगडावर बसून जेवायला लावलं. शिजलेल्या-मुरलेल्या लोणच्यातून रोग येत नाही हे मी तिला शास्त्राच्या आधाराने सांगितलं. ती म्हणाली, लिंबू हाय ना? विषय संपला. दुसरा नियम फाटकावरच्या बादलीचा. फिनेलचं पाणी, आत येणाऱ्याने हात आणि हत्यारं त्यात धुवायची. बादली सोमीबाईच्या ताब्यात. साहेब असोत की तहसीलदार, ती तांब्या घेऊन उभी राहायची.

आता ते सांगतो, जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

जिवतीच्या आदल्या आठवड्यात मी जामला एका बागेत रोगट फांद्यांचे नमुने आणायला गेलो होतो. माझ्या चाकूनेच कापल्या. परतताना बस उशिरा आली, आभाळ गच्च भरलेलं, आणि साहेबांनी बजावलं होतं की आज गुट्या झाल्याच पाहिजेत. नमुने मी फाटकाबाहेरच्या पेटीत टाकले आणि धावत आत शिरलो. सोमीबाई बादलीपाशी होती. "हात धुवून घ्या ना, बाबू," ती म्हणाली. "चाकू बी." पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले होते. मी चालता चालताच हात हलवला, झालंय, झालंय. काहीही झालं नव्हतं. चाकू मी धोतराला पुसला आणि सत्तावीसच्या फांद्या सोलायला बसलो. एक, दोन, तीन. सहाव्या गुटीला सुतळी बांधली तेव्हा मी नखशिखांत भिजलो होतो आणि स्वतःवर भलता खूश होतो.

अजून मी हात धुतो तेव्हा घरातले हसतात. साबण संपवतात बाबा, म्हणतात.

श्रावणाच्या मध्यावर एका सकाळी मी एकटाच सत्तावीसपाशी गेलो. आदल्या दिवशी झड लागून उघडली होती, सगळं हिरवंगार, पानांवर ऊन. पहिल्या गुटीच्या वरच्या पानावर तेलकट ठिपका, भोवती पिवळी कडा. मी डोळे चोळले. दुसऱ्या गुटीपाशी तीन पानं. तिसरीपाशी काही नाही, चौथीपाशी काही नाही. पहिल्या दोनच. मला त्याच क्षणी समजलं. चाकूवर जे काही होतं ते पहिल्या दोन कापांत उतरलं. मी खोडाला धरून खाली बसलो. आणि बसल्यावर मला आत, बुंध्याच्या बेचक्यात, काळ्या दोऱ्याला टांगलेलं एक लिंबू दिसलं. सुकलेलं, सुरकुतलेलं, शेंदूर ओघळून गेलेला. जिवतीला कुणीतरी झाडाची दृष्ट काढून बांधलेलं.

मला हायसं वाटलं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, म्हणून नीट लिहितो: मला हायसं वाटलं. मी ते लिंबू दोऱ्यासकट तोडलं आणि साहेबांकडे धावलो.

साहेबांनी झाड पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग सगळ्या मजुरांना बोलावून विचारलं, हे कुणी बांधलं. सोमीबाई पुढे आली. "म्या बांधलं," म्हणाली. "जिवती होती ना. सारे पोट्टीले पाहाले येते. नजर लागते." साहेब तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, बाहेरचं लिंबू आत आणायचं नाही हे तुला माहीत नव्हतं? तिने साहेबांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी चाकूची मूठ न्याहाळत होतो. साहेब उत्तरासाठी थांबलेच नाहीत, वळून खोलीत गेले. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं. तिने बादली पालथी घातली, तांब्या त्यावर ठेवला आणि विळा कमरेला खोचून रस्त्याला लागली.

झाड चौथ्या दिवशी तोडलं. साहेबांचा हिशेब सरळ होता आणि शास्त्राला धरून होता: नुसत्या टांगलेल्या फळावरून, पावसाच्या थेंबाने रोग लागला, म्हणजे या झाडात काही विशेष नाही, इतकी वर्षं नशिबाने वाचलं, आता ठेवलं तर बाकीची बाग नासवेल. बुंध्यापासून कापलं, रॉकेल ओतलं. ओलं लाकूड पेटत नव्हतं. मग पेटलं तेव्हा हिरव्या पानांतलं तेल तडतडलं आणि साऱ्या उतारावर लिंबाचा इतका सुंदर वास पसरला, की रस्त्यावरचे गाडीवान बैल थांबवून बघायला लागले. साहेब खोलीतून बाहेर आले नाहीत. अहवाल मी लिहिला, इंग्रजीत. कारण: मजुराने बाहेरून आणलेलं रोगट फळ.

मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं, हे मला त्या दिवशीही कळत होतं आणि आजही पाठ आहे. ते झाड पावसाने आजारी पडलं नव्हतं. मी त्याची साल सोलून उघड्या जखमेत रोग भरला होता, आणि तरीही तीन आठवड्यांत तो चार पानांपुढे सरकला नव्हता. दुसरं कुठलंही लिंबू त्या झडीत शेंड्यापर्यंत खैरलं असतं. साहेबांना हे माहीत असतं तर त्यांनी त्या दोन फांद्या कापल्या असत्या आणि बाकी झाड जिवापाड जपलं असतं. कदाचित ते खरोखरच आम्हाला हवं होतं ते झाड होतं. कदाचित नव्हतं. ते कळायची एकच वाट होती आणि मी तिच्यावर रॉकेल ओतलं.

टांगलेलं ते लिंबू मी पुरावा म्हणून काचेच्या बरणीत औषधात घालून ठेवलं होतं. भिंगाखाली मी पानं तपासली होती, लिंबू नाही. थंडीत कापसाच्या गाड्या रस्त्याने जायला लागल्या, तेव्हा साहेबांनी फळावरच्या ठिपक्यांचं चित्र काढून मागितलं. बरणी उघडली, लिंबू टेबलावर घेतलं. औषधात फुगून त्याचा आकार परत आला होता. खाली बोंडासारखं टोक. ठिपका एकही नाही, नुसत्या सुरकुत्या. मी ते कापलं. आत दोन बिया होत्या.

ते सत्तावीसचंच लिंबू होतं. नियम मोडायला नको म्हणून तिने पोट्टीची दृष्ट पोट्टीच्याच फळाने काढली होती.

मी साहेबांना चित्र दिलं नाही. बरणी फुटली म्हणून सांगितलं. नोकरी कायम व्हायची होती. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांचं मन उडालं होतं, उन्हाळ्याआधीच त्यांनी बदली मागून घेतली. जाताना मला स्वतःचं भिंग देऊन गेले. म्हणाले, तू प्रामाणिक पोरगा आहेस. ते भिंग अजून माझ्या कपाटात आहे.

चैत्रात एका रविवारी मी सोमीबाईच्या गावी गेलो. गिरडपासून पायी. मनाशी सगळं घोकून ठेवलं होतं: हात धुतले नव्हते हे सांगायचं, झाड जाळलं हे सांगायचं, नव्या साहेबांपुढे कबूल होतो म्हणायचं, पाय धरायचे. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, तो गोड, जड वास. ती मला पाहून गडबडली, मग बाज टाकली, मग तांब्या घेऊन आली. मी हात पुढे केले आणि तिने त्यावर पाणी ओतलं. आल्या-गेल्या कुणाच्याही हातावर ओततात तसंच. मला ते पाणी सहन होईना.

"त्या दिवशी मी हात धुतले नव्हते," मी म्हणालो. "चाकूही नाही."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"आन् ते लिंबू तिचंच होतं."

"मंग? बाहीरचं आनीन काय म्या?"

मी तिला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणालो. "मंग तुमी सांगतलं काऊन नाई?"

ती मोहफुलांत हात फिरवत राहिली. रागावलेली नव्हती. तेच जास्त वाईट होतं. "मले कोनं इचारलं, बाबू?"

मला रडू येत होतं. पण अजून निम्मं सांगायचं राहिलं होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात तिनेच विचारलं, आणि विचारताना तिचा चेहरा इतका उजळला, की वाटलं, ही सात-आठ महिने फक्त हे विचारायला थांबली असावी. "पोट्टी कशी हाय?"

तिला माहीतच नव्हतं. ती गेल्यावर आम्ही काय केलं, हे त्या डोंगराखाली कोण सांगणार होतं? तिच्या मनात रोगट फांद्या कापून टाकल्या होत्या, औषध मारलं होतं, आणि झाड उभं होतं. तिचं काम गेलं होतं, पण पोट्टी होती.

"बरी आहे," मी म्हणालो.

"बहार लागला?"

"लागला."

"बिया दोनच ना?"

"दोनच."

ती हसली. शेजारच्या बाईला हाक मारून आपल्या भाषेत काहीतरी सांगू लागली. मला शब्द कळत नव्हते, पण सांगता सांगता तिने हात डोक्याच्या वर नेला, तळवा आडवा धरला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "येवढी झाली असन आता?"

"हो," मी म्हणालो. "त्याहून थोडी जास्तच."